कारागिराच्या माथ्यावरचे नाव

भूमिपूजन झाले, नारळ फुटला, पेढे वाटले गेले, आणि त्यानंतर त्या मंगल प्रसंगाची आठवण म्हणून म्हणा अथवा संस्थेचे नाव चारचौघांच्या नजरेस पडावे म्हणून म्हणा, जमलेल्या गवंडी, सुतार, फिटर आणि बिगारी अशा साठ-सत्तर माणसांच्या हाती निळ्या रंगाची, पुढच्या बाजूस कंत्राटदाराचे नाव ठळक अक्षरांत छापलेली एकेक टोपी ठेवण्यात आली, असा एक समारंभ काही वर्षांपूर्वी पुण्याच्या पश्चिमेकडील एका नव्या वसाहतीत मी पाहिला होता. वैशाखाचे दिवस होते. ऊन कडक होते. टोपी मिळाल्याचा आनंद त्या माणसांच्या चेहऱ्यांवर स्पष्ट दिसत होता. मृगाच्या पहिल्या सरी कोसळून गेल्यावर त्याच जागी पुन्हा जाण्याचा योग आला, तेव्हा निळ्या रंगाचे ओघळ अनेकांच्या कपाळावरून भुवयांपर्यंत उतरले होते, टोपीच्या पुढच्या भागात घातलेला पुठ्ठा भिजून त्याचा लगदा झाल्यामुळे तो भाग डोळ्यांवर लोंबत होता, आणि छापलेल्या नावातील निम्मी अक्षरे पापुद्र्यासारखी सुटून गेली होती. एका वयस्क गवंड्याने ती टोपी थापी पुसण्यास घेतली होती आणि डोक्याला आपला जुना टॉवेल गुंडाळला होता. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, “ती फोटोपुरती होती, साहेब.”

टोपी ही वस्तू लहान, आणि इमारतीच्या अंदाजपत्रकात तिचा खर्च किरकोळ या सदरात जमा होणारा. त्यामुळे तिच्या निवडीकडे लक्ष देण्यास कोणास सवड होत नाही, आणि बहुधा कचेरीतील एखादा कारकून दोन-तीन दुकानांतून दर मागवून त्यांतील सर्वांत हलक्या दरावर वरिष्ठांची सही घेऊन मोकळा होतो. परंतु हा व्यवहार जरा निरखून पाहिला, तर त्यात एक विलक्षण गोष्ट आढळते. ज्याचे नाव टोपीवर असते तो ती वापरीत नाही, आणि जो ती दिवसाचे नऊ-दहा तास उन्हातान्हात वापरतो त्याचे नाव तिच्यावर नसते. दुसऱ्याच्या कपाळावर आपले नाव ठेवणाराने त्या नावाची शोभा पाहण्याच्या अगोदर त्या कपाळाची चिंता वाहिली पाहिजे, हे माझे स्पष्ट मत आहे, आणि टोपीचे कापड, शिवण, रंग, अक्षरे या सर्वांचा विचार याच एका बाजूने करावा, असे मला वाटते.

आपल्याकडे कष्टकऱ्याचे शिर उघडे राहण्याची रीत कधीच नव्हती. मुंडासे, पटका, फेटा ही नुसती शोभेची वस्त्रे नव्हत. त्यांचे थरावर थर डोक्यावर बसत, त्यांत हवा कोंडून राही, घाम टिपला जाई, प्रसंगी तेच वस्त्र सोडून त्याने कंबर बांधता येई किंवा त्यावर भाकरी ठेवून खाता येई. पुढे गांधी टोपी आली. तिच्या आकारासंबंधी व रंगासंबंधी गांधीजींनी केलेला विचार काका कालेलकरांनी आपल्या आठवणींत नोंदवून ठेवला आहे: निरनिराळ्या प्रांतांतील टोप्या पाहून काश्मिरी टोपीचा सुटसुटीत घाट त्यांनी पसंत केला, आणि रंग पांढरा निवडला तो अशासाठी, की पांढऱ्यावर मळ व घाम लपत नाही आणि म्हणून ती वेळच्या वेळी धुवावीच लागते. वस्त्राची निवड वापरणाराच्या आरोग्यापासून सुरू करावी याचा इतका साधा दाखला दुसरा सापडणे कठीण. मुंबईच्या डबेवाल्यांनी तीच पांढरी टोपी आपल्या व्यवसायाची खूण करून टाकली. महादेव हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास सुरू केलेल्या त्या व्यवसायातील माणूस गर्दीच्या फलाटावर दुरून ओळखू येतो, त्याच्या टोपीवर कोणाचेही नाव नसते, आणि तरीही ती टोपी त्याच्या वक्तशीरपणाची साक्ष देते. टोपीला पत येते ती अशी, तिच्या खालच्या माणसाच्या कामाने.

आता मूळ विषयाकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट अगदी निःसंदिग्ध शब्दांत सांगितली पाहिजे, कारण तिच्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो. कापडी टोपी ही शिरस्त्राण नव्हे. एडवर्ड बुलार्ड या अमेरिकन कारखानदाराने पहिल्या महायुद्धातून परतल्यावर, रणांगणावरील पोलादी टोपाची आठवण मनात ठेवून, १९१९ साली सॅन फ्रान्सिस्को येथे वाफवलेले कॅनव्हास, सरस आणि काळा रंग यांपासून कामगारांसाठी टणक टोपी सिद्ध केली, आणि १९३३ साली त्याच शहरात गोल्डन गेट पुलाचे काम सुरू झाले तेव्हा तेथील कामगारांना अशी टोपी सक्तीची करण्यात आली. तेथून आजच्या प्लास्टिकच्या हेल्मेटपर्यंत मोठा प्रवास झाला आहे. आपल्याकडे औद्योगिक हेल्मेटसाठी भारतीय मानक क्रमांक २९२५ ठरलेले आहे, आणि इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली जो कायदा झाला त्याखालील १९९८ च्या केंद्रीय नियमांनी, जेथे वरून वस्तू पडण्याचा धोका आहे तेथे मालकाने कामगारास मानकाबरहुकूम हेल्मेट पुरवावे, असा दंडक घालून दिला. सबब, परांचीखाली, स्लॅबच्या सेंट्रिंगखाली, क्रेनच्या टप्प्यात, खोल खोदाईत, नावाची टोपी कितीही सुरेख असली तरी तिचे काही काम नाही. तिची जागा म्हणजे फरशीवाल्याचे, रंगाऱ्याचे, प्लंबरचे, सुताराचे बिनधोक काम, गोदाम, मालाची ने-आण, आणि कामाच्या जागेवर येण्या-जाण्याची वाट.

याहून एक सूक्ष्म धोका पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. मिळालेली टोपी डोक्यावर ठेवून तिच्यावरच हेल्मेट चढविण्याची सवय अनेक जागी दिसते. हेल्मेटच्या आत पट्ट्यांचे जे जाळे असते ते डोके आणि कवच यांच्यामध्ये अंतर राखते, आणि वरून बसलेला आघात त्या अंतरातच जिरतो; त्या अंतरात पुढे आलेल्या छज्ज्याची आणि माथ्यावर बटण असलेली टोपी शिरली, की पट्ट्या नीट बसत नाहीत, हेल्मेट कलते, आणि आघाताच्या वेळी ते कापड मढवलेले बटण सरळ टाळूवर दाबले जाते. हेल्मेटखाली घाम टिपण्यासाठी काही घालावयाचेच असेल तर ते हेल्मेट बनविणाऱ्याने मान्य केलेले, डोक्याला चिकटून बसणारे, बिनबटणाचे, बिनछज्ज्याचे पातळ वस्त्र असावे. त्याचप्रमाणे हेल्मेटवर संस्थेचे नाव रंगवून घेणाऱ्यांनीही सावध राहावे. काही रंगांतील द्रावके प्लास्टिकच्या कवचास आतून ठिसूळ करतात आणि बाहेरून त्याची खूण दिसत नाही.

कापडाचा विचार करू लागले, की प्रथम कापूस आणि पॉलिस्टर यांतील भेद समजून घ्यावा लागतो. प्रमाणित आर्द्रतेच्या हवेत कापूस आपल्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के पाणी धरून ठेवतो, पॉलिस्टर अवघे ०.४ टक्के. कापसाचा धागा घाम पिऊन घेतो आणि सावकाश सोडतो, म्हणून तो कपाळाला गार लागतो. पॉलिस्टर घाम पीत नाही, परंतु लवकर वाळतो, कमी चुरगळतो, आणि घासला तरी कापसाइतका लवकर विरत नाही. कोकणातल्या पावसात, जेथे धुतलेले कापड तीन-तीन दिवस वाळत नाही, तेथे पॉलिस्टर मिसळलेल्या कापडाची बाजू बळकट ठरते. विदर्भात, जेथे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेथे निर्भेळ सुती कापडाला तोड नाही. एकच माल सबंध महाराष्ट्रभरच्या कामांवर पाठविणाऱ्या कंपन्यांनी हा भेद मुद्दाम लक्षात घ्यावा.

गवंड्याच्या टोपीस आणखी एक कसोटी असते, ती सिमेंटची. ओले सिमेंट आणि चुना ही द्रव्ये तीव्र अल्कधर्मी असतात. लोकर व रेशीम त्यांच्यापुढे टिकत नाहीत, परंतु कापूस टिकतो. जॉन मर्सर या इंग्रज रसायनज्ञाने १८४४ साली सुती कापडावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करून पाहिली तेव्हा कापूस नष्ट न होता उलट बळकट झालेला त्याला आढळला, आणि त्याच्याच नावाने मर्सराइज्ड कापड आजवर विकले जाते. मात्र कापसाचे अम्लाशी वैर आहे. फरशीवरचे सिमेंटचे डाग काढण्यासाठी जे ॲसिड वापरतात त्याचे शिंतोडे सुती टोपीवर उडाले, तर काही दिवसांत तेथे भोके पडतात. फरशीच्या कामाच्या मंडळींनी असे शिंतोडे लगेच भरपूर पाण्याने धुवावेत. आणि वेल्डरच्या बाबतीत तर तडजोडीस जागाच नाही. पॉलिस्टर सुमारे २६० अंश सेल्सिअसला वितळते, वितळलेला थेंब कातडीस चिकटून बसतो. सुती कापडावर ठिणगी पडली तर ते करपते, प्रसंगी पेटतेही, पण वितळून चिकटत नाही. वेल्डर आणि गॅसकटरवाल्याची टोपी जाड विणीची आणि शंभर टक्के सुतीच असली पाहिजे, तिच्यावरची अक्षरेही प्लास्टिकच्या छपाईची नसावीत.

वीण कोणती, हे दुकानदारास विचारावयास लाजू नये. ड्रिल आणि ट्विल या तिरप्या रेघेच्या विणी साध्या विणीहून अधिक सोसतात, आणि दर चौरस मीटरला २०० ते २८० ग्रॅम वजनाचे कापड नित्याच्या कामास पुरेसे भारी असते. त्याहून हलके कापड शिवणीवर फाटते, त्याहून पुष्कळ जड कापड उन्हाळ्यात डोक्यास जाच करते. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, म्हणून ते अगोदर आटवून घेतलेले आहे किंवा कसे, याची खातरजमा करावी. सॅनफर्ड क्लुएट या अमेरिकन संशोधकाच्या नावावरून आलेला सॅनफोराइज्ड हा शब्द आपल्या आजोबांच्या पिढीला कापडाच्या काठावर वाचून पाठ झाला होता. त्या शब्दाचा अर्थ हाच, की हे कापड धुतल्यावर आखूड होणार नाही.

टोपीच्या अंगोपांगांत सर्वांत आधी दगा देतो तो छज्जा. खिडकीवरच्या छज्ज्याप्रमाणे ऊन-पाऊस अडविणे हेच त्याचे काम, आणि स्वस्त मालात त्याच्या पोटात पुठ्ठा भरलेला असतो, जो एका पावसात संपतो. चांगल्या टोपीत तेथे लवचीक प्लास्टिकची पट्टी असते. परीक्षा सोपी आहे: नमुन्याची टोपी बादलीत रात्रभर बुडवून ठेवावी, सकाळी पिळून छज्जा दोन्ही हातांनी वाकवावा आणि सोडावा, तो मूळच्या घाटावर परत आला तर माल घेण्याजोगा. त्याच पाण्याकडेही पाहावे, कारण रंग जाणार असेल तर तो बादलीतच दिसतो. टोपी उलटी करून आतल्या शिवणी पाहाव्यात. पाकळ्या जेथे जोडल्या आहेत तेथे उघडे धागे न राहता वरून पट्टी शिवलेली असावी, टीप दुहेरी असावी, आणि कपाळाशी येणारी घामाची पट्टी सुती, भरीव व सर्वत्र सारख्या रुंदीची असावी. ही पट्टी म्हणजे टोपीचा प्राण होय. ती चरचरीत असली तर गवंडी दुपारपर्यंत टोपी काढून खिशात कोंबतो, आणि मग वरचे भरतकाम कितीही उंची असले तरी ते कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

मागच्या बाजूचा बंद कोणता असावा यावर दुकानदार फारसे बोलत नाहीत, तरी टोपीचे आयुष्य पुष्कळदा तेथेच ठरते. प्लास्टिकच्या टिकल्यांचा बंद उन्हाने ठिसूळ होऊन मोडतो. वेल्क्रोच्या काट्यांत सिमेंटची भुकटी आणि लाकडाचा भुसा बसला, की तो धरेनासा होतो. कापडी पट्टी आणि बक्कल हा बंद सर्वांत टिकाऊ, मात्र बक्कल गंजणारे नसावे. चालू विद्युत्प्रवाहाजवळ काम करणाऱ्या वायरमनला मात्र धातूचे बक्कल, धातूची छिद्रकडी व धातूचे बटण यांपैकी काहीच असू नये.

नावाच्या अक्षरांकडे मी मुद्दामच इतक्या उशिरा वळलो आहे, कारण खरेदीदार बहुधा तेथूनच सुरुवात करतात. छपाई स्वस्त पडते आणि चित्र हुबेहूब उमटते. परंतु टोपी दिवसातून दहा वेळा चुरगळते, धुताना घासली जाते, आणि उष्णतेने चिकटविलेली छपाई कडांपासून सुटू लागते. भरतकाम महाग, पण ते बहुधा कापडाइतकेच जगते. भरतकामाचा धागा रेयॉनचा असला तर चमक अधिक दिसते, पॉलिस्टरचा असला तर ऊन, घाम आणि धुण्याची पूड यांपुढे रंग अधिक टिकतो. कामाच्या टोपीस पॉलिस्टरचाच धागा सांगावा. भरतकामाच्या मागची बाजू खरखरीत असते आणि ती नेमकी कपाळावर येते, म्हणून तिच्यामागे बकरम आणि मऊ अस्तर हवे. दाट टाक्यांचे मोठे चित्र पातळ कापडावर काढले तर कापड चुण्या पडून ओढले जाते.

येथे आपल्या लिपीसंबंधी एक सूचना करावीशी वाटते. सुमारे पाच-सहा मिलिमीटरहून लहान अक्षर सुईने नीट निघत नाही, हा नियम रोमन लिपीपुरता ठीक. देवनागरीत शिरोरेखेवर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, त्यातच जोडाक्षरे, असा पसारा असल्यामुळे अक्षराचे पोट धाग्याने बुजून जाते, आणि ‘बंधू’ आहे की ‘बधू’ हे वाचणारास कळत नाही. मराठीत नाव भरून घ्यावे, जरूर घ्यावे, परंतु ते एक-दोन शब्दांचे, ठळक आणि मोठे असावे. पत्ता, दूरध्वनी क्रमांक, ब्रीदवाक्य आणि बोधचिन्ह हे सर्व एकाच कपाळावर कोंबण्याचा मोह टाळावा.

रंगासंबंधी थोडक्यात सांगायचे तर गडद रंग ऊन पितो, फिकट रंग ते परतवतो. काळी किंवा गर्द निळी टोपी दुकानाच्या काचेआड भारदस्त दिसते, पण चैत्र-वैशाखात ती डोक्यावर तापते आणि सिमेंटची करडी धूळ तिच्यावर ठळकपणे उठून दिसते. राखी, फिकट खाकी, मातकट हे रंग दोन्ही दृष्टींनी सुखाचे. रस्त्यावर वाहनांच्या रहदारीत काम करणाऱ्यांस चटकन नजरेत भरणारा प्रखर नारिंगी किंवा पिवळा रंग आवश्यक असतो, मात्र हे चमकते रंग उन्हात लवकर उडतात, म्हणून ती टोपी वर्षभराच्या आत बदलण्याची तजवीज हिशेबात आधीच धरावी. कापडगिरण्यांत रंगाच्या टिकाऊपणास अंक दिलेले असतात, उन्हासाठी १ ते ८ आणि धुण्यासाठी १ ते ५, ज्यात मोठा अंक तो चांगला. मोठी मागणी नोंदविणाराने हे अंक लेखी मागावेत. आणि साधी छज्ज्याची टोपी मान व कान उघडे ठेवते हेही विसरू नये. १८५७ च्या उठावातील इंग्रज सेनानी हॅवलॉक याच्या नावाने ओळखला जाणारा, मानेवर रुळणारा कापडी पडदा उघड्या माळावर काम करणाऱ्यांच्या टोपीस मागून जोडून घेता येतो, आणि आपला शेतकरी पटक्याचा शेव मानेवर सोडतो तोही याच कारणाने.

दराचा हिशेब वर्षाचा मांडावा. समजा, ६० रुपयांची टोपी दोन महिन्यांत निकामी होते, आणि १५० रुपयांची वर्षभर पुरते. तर पहिलीचा वर्षाचा खर्च ३६० रुपये झाला, दुसरीचा १५०, आणि शिवाय पहिलीच्या बाबतीत विटलेले, सोललेले आपले नाव गावभर फिरले ते निराळेच. मागणीच्या मजकुरात कापडाचा प्रकार, वजन, छज्ज्याच्या आतील पट्टी, बंद, धागा आणि अक्षरांची उंची या सर्वांचा तपशील लिहावा, पसंत केलेल्या नमुन्यावर दोन्ही पक्षांच्या सह्या घेऊन तो मोहोरबंद ठेवावा, आणि माल आल्यावर त्याच्याशी रुजवात करावी. नमुना मात्र कचेरीत पसंत करू नये. चार टोप्या चार जणांना द्याव्यात, एक गवंड्याला, एक सुताराला, एक वायरमनला, एक मुकादमाला. महिनाभर त्या वापरू द्याव्यात, आणि मग त्यांना एकत्र बसवून विचारावे. ते जे सांगतील ते कोणत्याही विक्रेत्याच्या माहितीपत्रकात नसते.

आणि त्या चौघांत एक पाचवी असावी. आपल्या बांधकामांवर वाळू, खडी, विटा आणि मसाला वाहण्याचे काम फार मोठ्या प्रमाणावर बायका करतात. त्यांच्या माथ्यावर चुंबळ असते आणि चुंबळीवर घमेले. बटणाची, छज्ज्याची टोपी त्या घालू शकत नाहीत. बटण चुंबळीखाली रुतते, छज्जा पायाखालची फळी दिसू देत नाही, आणि अंबाड्यावर ती टोपी बसतही नाही. ज्या दिवशी टोप्या वाटल्या जातात त्या दिवशी त्या एक तर रिकाम्या हाताने परत जातात, नाही तर मिळालेली टोपी घरी पोरासाठी नेतात, आणि स्वतः पुन्हा जुन्याच लुगड्याच्या चिंधीची चुंबळ करून उन्हात उभ्या राहतात. म्हणून मागणी नोंदविणाऱ्या प्रत्येक मालकास, कंत्राटदारास आणि त्यांच्या कारकुनास माझी विनंती आहे, की हजेरीपटावरून स्त्रियांचा आकडा वेगळा काढावा, आणि त्यांच्यासाठी त्याच रंगाचा, काठावर तेच नाव भरलेला, मान झाकेल इतका लांब सुती रुमाल आणि भरीव कापडाची शिवलेली चुंबळ, अशी निराळी मागणी त्याच कागदावर लिहावी.